रंधा आधी कोणाच्या पोराच्या हाती?

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी बिनदप्तराचे दहा दिवस सुचवले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकावं. यावरून आमच्या नागपूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली. सुखवस्तू धरमपेठेतला एकजण म्हणाला, "आम्ही पोराले आयआयटीसाठी तयार करून राहिलो अन् हे त्याच्या हाती रंधा देऊन राहिले." इंदोऱ्यातल्या, म्हणजे दलित वस्तीतल्या मैत्रिणीचा मुद्दा वेगळा होता : "हातकाम शेवटी आमच्याच पोरांच्या गळ्यात पडते."

पहिल्याचं मी हसण्यावारी नेलं. दुसरीचं नाही नेता येत. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली होती. जातीचा धंदाच पोरांच्या गळ्यात मारता म्हणून लोक खवळले आणि वर्षभरात ती गुंडाळावी लागली. खवळले ते बरोबरच होतं.

मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहते. इथे 'स्लॉइड' म्हणजे हस्तकाम हा सक्तीचा विषय. लाकूडकाम आणि शिवणकाम दोन्ही, मुलामुलींना सारखंच, आणि त्याला गणितासारखीच श्रेणी. डॉक्टरच्या पोरालाही सुटका नाही. गावाजवळच्या नेस इथे ऑटो सालोमनने एकोणिसाव्या शतकात या विषयाचे शिक्षक घडवले. सुतार तयार करणं हा त्याचा हेतूच नव्हता.

पहिली वस्तू बहुधा लोणी लावायची लाकडी सुरी. माझ्या लेकीनेही तीच केली. पेन्सिलीने आकार काढायचा, करवतीने कापायचा, कानस मारायची, मग जाड ते बारीक पॉलिश पेपर. रेषांच्या उलट चाकू चालवला की लाकूड फाटतं, हे कोणी पाठ करून घेत नाही. तुकडा हातात फाटतो तेव्हा कळतं. गुळगुळीत झाल्यावर सुरी पाण्याने ओली करतात, तंतू उभे राहतात, वाळली की पुन्हा घासायची. पोरांचा सगळा वैताग इथे. शेवटी जवसाचं तेल. तेलाचं फडकं गोळा करून टाकलं की ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून पसरून वाळवायचं.

जवस तर आपल्याकडचं. सुरीऐवजी तव्यावरचा सराटा, म्हणजे उलथनं करता येईल, नागपूरच्या लाकूडबाजारातल्या, लकडगंजच्या टालातल्या सागाच्या उरलेल्या तुकड्यातून. नाहीतर कार्यानुभवाच्या नावाखाली काय चालतं ते माहीत आहेच : पोरगं झोपलेलं, आई रात्री थर्माकोल कापते.

पण दहा दिवसांत सराटा होत नाही, सुताराचं दुकान पाहून होतं. ती सहल झाली. हवा आठवड्याला एक तास, वर्षभर, अर्ध्याच वर्गाला एका वेळी. आणि शिकवायला लकडगंजचाच कारागीर, पाहुणा म्हणून नव्हे, पगारी शिक्षक म्हणून. 1937च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षण मांडलं, ते नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर. तरी नागपूरच्या महागड्या शाळांनी ते गरिबांचं म्हणून बाजूला ठेवलं.

म्हणून मैत्रिणीची अट मला मान्य आहे. ती म्हणाली, "आधी सिव्हिल लाइन्सच्या शाळांत दोन वर्षं चालवून दाखवा, मग इंदोऱ्यात या."