रोमिओ मस्ट डाय पिक्चर दुश्मनी शिकवतो म्हणणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत पाह्यलाय का?

चार दिवसांपासून आमच्या अमळनेर-चोपड्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्याच्यात लिहिलंय की रोमिओ मस्ट डायसारखे गँगवाल्यांचे कुंग फू पिक्चर पोरांना खानदानाची दुश्मनी शिकवतात, सूड घेणाऱ्याला हिरो करतात, फाइट तर सगळी तारेला लटकून केलेली खोटी असते, आणि असलं पाहूनच पोरं कराटेच्या क्लासला जातात न मग गल्लीत भाईगिरी करत फिरतात. मी अठरा वर्षांपासून पोरांना कराटे शिकवतोय आणि हा पिक्चर मला सीनवार पाठ आहे, म्हणून लिहितोय.

आधी दुश्मनीचं घेऊ, कारण मेसेजमधली सगळ्यात चुकीची गोष्ट तीच आहे. पिक्चर 2000 सालचा, गोष्ट अमेरिकेतल्या ओकलंडची. एकीकडे चू सिंगचं चिनी घराणं, दुसरीकडे आयझॅक ओडेचं काळ्या लोकांचं, आणि दोघांचाही डोळा एकाच गोष्टीवर, बंदराकाठच्या जमिनीवर, कारण तिथे अमेरिकन फुटबॉलचं मोठं स्टेडियम होणार असतं. एक दिवस चू सिंगचा धाकटा पोरगा पो मेलेला सापडतो. मोठा पोरगा हान, म्हणजे जेट ली, हाँगकाँगच्या जेलमधून पळून येतो भावाला कोणी मारलं ते शोधायला. इथपर्यंत पाह्यलं तर वाटणारच की आता समोरच्या घराण्याची कत्तल होईल. मग आयझॅकचा पोरगा पण मरतो, म्हणजे दोन्ही घरात सुतक, दोन्हीकडे बोट समोरच्याकडे.

आणि शेवटी काय निघतं? पोला मारलं त्याच्या स्वतःच्या बापाच्या माणसाने, काय (Kai) नाव त्याचं, आणि ते पण बापाच्या सांगण्यावरून! तिकडे आयझॅकशी दगा करणारा मॅक, तो पण त्याच्याच उजव्या हाताचा माणूस. म्हणजे दुश्मनी दुश्मनी म्हणून जी आग लावली ती घरातल्यांनीच, जमिनीच्या पैशासाठी. शेवटी हान बापावर हात उचलत नाही, त्याला सगळं तोंडावर सांगतो, पोलिस येतीलच म्हणून सोडून निघून जातो, आणि मागून गोळीचा आवाज येतो, बापाने स्वतःलाच मारून घेतलेलं असतं. याच्यात सूड घेणारा हिरो कुठे दिसला भो? मला तरी हा पिक्चर दुश्मनीच्या विरोधातला वाटतो, आणि तेही भाषण न देता.

आखाजीला बहीण माहेरी आली तेव्हा तिच्या अकरा वर्षांच्या पोराला घेऊन मी हा पिक्चर परत लावला होता. फाइटच्या वेळी गादीवर उड्या मारत होता पठ्ठ्या. पण कायने कबूल केलं त्या सीनला एकदम गप झाला न मला म्हणे, "मामा, म्हंजे बापनीच मारं त्याले?" मी म्हटलं हो. तर दोन मिनिटांनी विचारतो, आपला पण आबांच्या घरच्यांशी बांधावरून वाद आहे ना, तो कोणी सुरू केला? मला उत्तर देता आलं नाही, खरंच माहीत नाही, माझ्या आजोबांच्या काळापासून चालूय. आपल्याकडे रस्ता जाणार, मोबदला येणार असं नुसतं कानावर आलं तरी सातबाऱ्यावरची नावं मोजायला लागतात लोकं, सख्खे भाऊ तारखेला वेगवेगळ्या गाडीने जातात. ही गोष्ट आपल्याला ओकलंडहून कोणी शिकवायला आलेलं नाही.

रोमिओ नावावरून पण मेसेजवाल्याने लिहिलंय की पोरींना पळवायला शिकवतात. हान आणि आयझॅकची पोरगी ट्रिश यांच्यात अख्ख्या पिक्चरभर साधा किस पण नाही, शेवटी मिठी मारतात न हात धरून चालायला लागतात, बस. आणि ट्रिशचं काम करणारी आलिया ही मुळात गायिका, पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2001 मध्ये, विमान अपघातात गेली, वय फक्त 22. तिच्याबद्दल असं काहीबाही लिहिलेलं वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आता तारेचं. तारा वापरल्या आहेत, कॉम्प्युटर पण वापरलाय, जेट ली हवेत राहून लाथा मारतो त्या कोणी माणूस मारू शकत नाही, हे मी क्लासमध्ये पोरांना स्वतः सांगतो. पण म्हणून माणूसच खोटा? जेट ली आठ वर्षांचा असल्यापासून बीजिंगला वुशू, म्हणजे चिनी कुंग फू, शिकत होता, 1974 साली अकरा वर्षांचा असताना व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर करून दाखवलं, आणि पाच वेळा चीनचा राष्ट्रीय चॅम्पियन झाला, हे सगळं पहिला पिक्चर यायच्या आधी. आग विझवायच्या पाइपने तो मारतो ना तो सीन हळू करून पाहा. वुशूमध्ये दोरीला टोकदार पातं बांधून फिरवायचं हत्यार असतं, तेच तंत्र आहे ते, पाइप कोपराला गुंडाळून परत सोडतो, मनगट कसं वळतं, नजर कुठे असते. ते तारेने होत नाही, ती मेहनत आहे, आणि फाइट बसवणारा कोरी युएन हा स्वतः लहानपणापासून हाँगकाँगच्या चिनी ऑपेराच्या तालमीत वाढलेला माणूस.

हिंसेचं म्हणाल तर एक गोष्ट या पिक्चरने केली, मार बसला की आतलं हाड एक्स-रेसारखं दाखवतात, मोडताना. शेवटच्या फाइटला कायचा मणका तुटताना दिसतो. तिथे शिट्ट्या पडतात हे मान्य. पण मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली होती की फटका म्हणजे हे असतं, कारण आपल्या बाकी पिक्चरमध्ये गुंड काचेतून पडतो, टेबल तोडतो, न परत उभा राहतो. तरी अगदी लहान पोरांना दाखवू नका, गोळीबार आहे, तेवढं मी पण म्हणेन.

राह्यला क्लास. इथे मात्र मला राग येतो. मेसेज फिरल्यावर दोन पोरांच्या घरच्यांनी त्यांना काढून घेतलं. तुम्ही कधी येऊन पाह्यलं का काय शिकवतो ते? पहिले दोन महिने मुठीचा मार नाहीच, पडायचं कसं, उभं कसं राहायचं, गुडघा किती वाकवायचा, एवढंच. मग ठोसा शिकवला की समोरच्याच्या नाकाच्या दोन बोटं अलीकडे थांबवायचा, पूर्ण जोरात मारून थांबवायचा, आणि ते मारण्यापेक्षा अवघड आहे, वर्ष वर्ष जातं त्यात. कराटेचे मोठे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी सांगितलेलं वाक्य मी पोरांकडून रोज म्हणवून घेतो, कराटेत पहिला वार नसतो. जो पोरगा बाहेर मारामारी करून येतो त्याला मी महिनाभर भिंतीकडे बसवतो, दोनदा तसं केलंय, दोन्ही पोरं आज पोलिस भरतीची तयारी करताहेत.

काढून घेतलेल्यांपैकी एकाची पुढच्या महिन्यात हिरव्या पट्ट्याची परीक्षा आहे. त्याच्या वडिलांना फोन केला तर नाना म्हणे बघू, कापसाची कामं आहेत. कामं असतील, पण हॉल संध्याकाळी साडेसहाला उघडतो, नाना, एक दिवस त्याला घेऊन या न मागच्या खुर्चीवर बसून तासभर पाहा, मग ठरवा.