"आयडिया हॉस्पिटलला देऊ नका, आधी रील टाका" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

हा मेसेज नागपुरात किती ग्रुपवर फिरून राहिलाय देव जाणे. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, दोन्हीकडे मी गप्प बसलो, रोज कोणाकोणाशी भांडायचं. पण परवा माझ्या मामेबहिणीनेच तो पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, मग मी सरळ रीलच टाकून देऊ का?" तिथे डोकं फिरलं.

बहीण धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात एनआयसीयूला, म्हणजे तान्ह्या बाळांच्या आयसीयूला, सिस्टर आहे. तान्ह्या बाळाला सलाईन लावलं की हात हलू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी, त्यावर कापूस, गॉज, वरून चिकटपट्टी. आतल्या आत इंट्राकॅथ (सलाईनची शिरेतली बारीक नळी) शिरेतून निसटलं आणि हात सुजायला लागला तरी त्या सगळ्या गुंडाळ्याखाली ते दिसतच नाही, दिसतं तेव्हा कातडी लाल होऊन ताणलेली असते आणि आई दाराशी उभी असते. यावर तिने आणि तिथल्या एका टेक्निशियन पोराने मिळून एक साधी वस्तू केलीय. काय केलीय ते लिहीत नाही, का नाही ते खाली कळेलच. हॉस्पिटलच्या संस्थेच्या टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसने, म्हणजे आपल्या लोकांच्या शोधाचं पेटंट घेऊन तो कंपनीला बनवायला देणारे ते तंत्रज्ञान हस्तांतरणवाले, त्यांनी तिला एक फॉर्म दिला, आणि नेमका त्याच सुमारास हा फॉरवर्ड आला.

मेसेज लांबलचक आहे, हात जोडलेले इमोजी काढले तर उरतं ते एवढं: टेक्नॉलॉजी ट्रान्सफरवाले म्हणजे डॉक्टर-नर्सची आयडिया कंपनीला विकणारे दलाल. एक, तुमचं नाव कुठेच राहत नाही. दोन, पेटंटला पाच लाख लागतात. तीन, खरे डॉक्टर पेटंट घेतच नाहीत, बँटिंगने इन्सुलिन एका डॉलरमध्ये जगाला देऊन टाकलं. चार, पेटंटमुळे उद्या डॉक्टरने टाके घातले तरी त्याचे पैसे कंपनीला द्यावे लागतील. पाच, म्हणून आयडियाचा व्हिडिओ आजच यूट्यूबवर टाका, किंवा कागदावर लिहून स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पाकीट फोडू नका, तोच तुमचा पुरावा.

पाचव्यापासून सुरू करतो, कारण पहिले चार वाचून माणूस फार तर येडा बनतो, पाचवा ऐकला तर खरोखर हातचं जातं. भारतात पेटंट हवं असेल तर अर्ज करायच्या दिवसापर्यंत ती गोष्ट जगासमोर आलेली चालत नाही. तुम्ही स्वतः आणली असली तरी नाही. लोकांना नेमकं हेच पटत नाही, "माझीच आयडिया, मीच टाकली, मग काहून नाही?" अरे बाप्पा, तीच रील उद्या पेटंट ऑफिसचा परीक्षक तुमच्याच अर्जाविरुद्ध काढून दाखवेल आणि विचारेल की यात नवीन काय आहे. पेटंट कायद्याच्या 31 व्या कलमात थोडी सूट आहे, सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली किंवा एखाद्या विद्वत्संस्थेपुढे पेपर वाचला तर अर्ज करायला 12 महिने मिळतात, पण त्यात इन्स्टाग्राम बसत नाही. अमेरिकेत शोध लावणाऱ्याने स्वतः जाहीर केलं तर वर्षभराची मुभा असते, त्यामुळे मला दाट शंका आहे की कोणीतरी तिकडचा व्हिडिओ पाहिला आणि जसाच्या तसा इकडे चिकटवला. आणि व्हायरल झाली रील तर अजूनच मजा, कोणीही कारखानदार ती पाहून साचा काढेल आणि तुम्ही त्याला कायद्याने काही म्हणू शकणार नाही.

पाकिटाचं तर बोलूच नका. पेटंट त्याला मिळतं ज्याचा अर्ज आधी, ज्याच्या कपाटात जुनं पाकीट आहे त्याला नाही. त्या पाकिटाने फार तर हे सिद्ध होईल की अमुक तारखेला तुम्ही हा कागद लिहिला होता. कॉपीराइट मजकुराला आणि चित्राला असतो, वस्तू चालते कशी याला नसतो, म्हणजे कोणी तुमचा कागद झेरॉक्स मारून विकला तर भांडा, वस्तू बनवून विकली तर बसा पाकीट बघत. (रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, पण फॉरवर्ड लिहिणाऱ्यापर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.)

याच्यावर सरळ उपाय आहे आणि तो त्या "दलालांच्या" ऑफिसातच सुरू होतो. त्या फॉर्ममध्ये विचारतात काय, तर अडचण काय होती, तुम्ही काय केलं, कोणी कोणी केलं, आणि आजवर कोणाकोणाला दाखवलं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मग ते आधी असं काही कुठे आहे का ते शोधतात, नसेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकतात. त्या दिवसाची तारीख तुमची झाली, पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. त्यानंतर अर्जात लिहिलंय तेवढंच दाखवणारी रील टाका, पाहिजे तर फुटाळा तलावावर जाऊन टाका.

आता बँटिंग. हा मुद्दा ऐकायला इतका गोड आहे की चांगले शिकलेले लोक फसतात. अर्धी गोष्ट खरी आहे, मान्य. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी बँटिंग डॉक्टर होता आणि औषधाच्या पेटंटवर डॉक्टरचं नाव असणं त्याला बरं वाटत नव्हतं. पण पेटंट घेतलं गेलं, पुढे त्यावर बँटिंग आणि त्याचे सोबती बेस्ट आणि कॉलिप अशी तिघांचीही नावं आली, आणि जानेवारी 1923 मध्ये तिघांनी आपापले हक्क एकेका डॉलरला विकले. विकले कोणाला? जगाला नाही, टोरंटो विद्यापीठाला. विद्यापीठाने त्यासाठी इन्सुलिन कमिटी नेमली होती, तिचं काम काय, तर कोणत्या कंपनीला बनवू द्यायचं ते ठरवणं, बनलेला माल तपासून पाहणं, आणि सगळं एकाच कंपनीच्या खिशात जाऊ न देणं. विद्यापीठाच्या स्वतःच्या कॉनॉट प्रयोगशाळेला पुरेसं इन्सुलिन बनवणं जमत नव्हतं म्हणून अमेरिकेत एली लिली या औषध कंपनीला घेतलं, डेन्मार्कमध्ये क्रोग या शास्त्रज्ञाला परवानगी दिली. याला आजच्या भाषेत टेक्नॉलॉजी ट्रान्सफर ऑफिसच म्हणतात हो! पेटंट घेतलं ते कमाईसाठी नाही, दुसऱ्या कोणी घेऊन अडवू नये म्हणून. पेटंट न घेता तसंच सोडलं असतं तर ज्याची शुद्ध करायची पद्धत सगळ्यात चांगली त्याने आपलं पेटंट टाकून बाकीच्यांना बाहेर बसवलं असतं. पुढे अमेरिकेत इन्सुलिन इतकं महाग का झालं हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे, पण त्याचं खापर त्या एका डॉलरवर फोडता येत नाही.

आणि एवढं टोरंटोला तरी कशाला जायचं, आपल्या नीरीचं, म्हणजे नागपुरातल्या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेचं बघा. कोविडमध्ये नाकात काडी घालायच्या ऐवजी मिठाच्या पाण्याने गुळण्या करून आरटीपीसीआर करायची पद्धत नागपूरच्या नीरीत निघाली. सप्टेंबर 2021 मध्ये ती केंद्राच्या एमएसएमई म्हणजे लघुउद्योग मंत्रालयाला दिली, आणि दिली ती नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे खाजगी असो की सरकारी, ज्याला जमेल त्याने परवानगी घेऊन करावं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात निघालेल्या नवरक्षक पीपीई किटचंही असंच, एनआरडीसीने, म्हणजे शोध उद्योगांना देणाऱ्या सरकारी कंपनीने, त्याचं तंत्र पाच लहान उद्योगांना दिलं. यात दलाल कोण आणि चोरी कुठे झाली ते फॉरवर्डवाल्याने दाखवावं.

बाकीचे पटपट. नावाचं: अर्जावर अर्जदार आणि शोधकर्ता असे दोन वेगळे रकाने असतात, अर्जदार संस्था असू शकते, शोधकर्ता तुम्हीच, आणि टेक्निशियन पोराचं नाव पण तिथेच येतं, हे बहिणीला मुद्दाम सांगितलं कारण आपल्याकडे वरच्या डॉक्टरांचं नाव आपोआप येऊन बसायची सवय आहे. पाच लाखांचं: व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी 1,600 रुपये, तपासणीच्या अर्जाचे 4,000. एजंटची फी वेगळी लागते आणि बाहेरच्या देशांत अर्ज केला तर खर्च खरंच लाखांत जातो, पण तो संस्थेने उचलावा म्हणून तर ते ऑफिस आहे नं. टाक्यांचं: आपल्या कायद्याच्या कलम 3(आय) नुसार उपचाराच्या पद्धतीवर पेटंट मिळतच नाही, यंत्रावर मिळतं. झालं.

आता जिथे फॉरवर्डवाला थोडा बरोबर आहे ते पण सांगून टाकतो, नाहीतर उद्या मलाच कोणी दलाल म्हणेल. सगळीच ऑफिसं कामाची नसतात. काही कॉलेजांत दारावर पाटी आहे, आत एक सर आहेत ज्यांच्याकडे अजून चार चार्ज आहेत, आणि पेटंट टाकायचं ते मानांकनाच्या वेळी आकडा दाखवायला, पुढे त्याला ना कंपनी शोधली ना साचा बनला. मी मेडिकल इक्विपमेंटच्या सर्व्हिसिंगमध्ये आहे, वॉर्डावॉर्डात फिरतो, सिस्टर लोकांनी जुगाड करून बनवलेल्या इतक्या भारी गोष्टी पाहिल्यात ज्या त्या वॉर्डाच्या बाहेर कधी गेल्याच नाहीत.

पण वस्तू बाहेर जायला काय लागतं तेही बघा. एक नमुना हाताने बनतो, हजार बनवायचे तर साचा लागतो, बाळाच्या कातडीला चालेल असं प्लास्टिक लागतं, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, 2017 च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत वस्तू ए ते डी पैकी कोणत्या वर्गात बसते ते ठरवावं लागतं. एनआयसीयूची ड्युटी करून हे कोण करणार? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेल्या चित्रा हार्ट व्हॉल्व्हचे (हृदयाची कृत्रिम झडप) आधीचे तीन नमुने फसले, चौथा चालला, 1990 मध्ये पहिला पेशंटला बसवला आणि तो बनवायला टीटीकेसारखी कंपनी लागली. डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसावेत म्हणून राज्य सरकारच्या पैशातून आयआयटी मुंबईत बेटिक हे मेडिकल उपकरणांचं केंद्र सुरू झालं, त्याचं एक केंद्र आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनियरिंग कॉलेजातच काढलं, नुसत्या कल्पनेला पैसा हवा तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट आहे, 50 लाखांपर्यंत. हे दरवाजे वाजवायला माहीतगार माणूस लागतो, चांगल्या ऑफिसात तो असतो.

बहिणीला मी फॉर्म भर म्हटलंय, पण सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी घे म्हटलंय. पेटंटचा खर्च कोण करणार. रॉयल्टी आली तर त्यातलं शोधणाऱ्यांना किती (कोव्हॅक्सिन लशीवर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने भारत बायोटेक कंपनीकडून विक्रीच्या 5 टक्के घेतले, पण तो संस्थेचा वाटा, तुमचा वाटा संस्थेच्या पॉलिसीत वेगळा लिहिलेला असतो, तो कागद मागायचा). आणि कंपनीने लायसन्स घेऊन वस्तू नुसती फडताळात ठेवली तर ते काढून घेता येईल का. या तिसऱ्या प्रश्नावर तिथले सर जरा अडखळले म्हणे, विचारून सांगतो म्हणाले. सोमवारी ती पुन्हा जाणार आहे, रील तोपर्यंत बंद.