44 लाख दावे म्हणजे 44 लाख माणसं नव्हेत

भाचा बारावीत आहे, इतिहासाचं वेड आहे. परवा त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे खरं आहे का?" मजकूर असा: होलोकॉस्टमध्ये, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहारात, 60 लाख ज्यू मारले म्हणतात, पण युद्धानंतर 40 लाखांवर लोकांनी जर्मनीकडे भरपाई मागितली, मग मेलं कोण? सगळे घरबसल्या श्रीमंत झाले. कागदोपत्री पुरावा शून्य. खोटे दावेही पकडले गेलेत.

आकड्यापासून सुरुवात करतो, कारण सगळं विष तिथेच आहे. पश्चिम जर्मनीच्या 1956 च्या भरपाई कायद्याखाली सुमारे 44 लाख दावे नोंदले गेले, हे खरं. जर्मन अर्थमंत्रालयाचाच आकडा आहे, कुणी दडवलेला नाही. पण ही गणती दाव्यांची आहे, माणसांची नाही. जीव, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता, व्यवसाय अशा प्रत्येक नुकसानीचा दावा वेगळा धरला जाई. बर्लिनचा एखादा वकील घ्या. 1933 मध्ये वकिली गेली, पुढे छळछावणीत डांबलं, घरदार जप्त झालं, तब्येत कायमची ढासळली. माणूस एक, दावे चार. तो ज्यूच असायला हवा असंही नव्हतं, नाझींच्या राजकीय विरोधकांनाही हा कायदा लागू होता. युद्धाआधीच देश सोडून निसटलेलेही अर्ज करू शकत होते.

आणि 'जीव' या सदराखाली दावा कोण करणार? ज्याला मारलं त्याची बायको, त्याची मुलं. म्हणजे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने खून झालेल्यांसाठी केलेले दावेसुद्धा जिवंत माणसं म्हणून मोजले आणि त्यावरून खूनच झाले नाहीत असं ठरवलं. ही चूक नाही, हा हलकटपणा आहे. त्या 44 लाखांपैकी मंजूर झाले जेमतेम 20 लाख. 12 लाखांहून अधिक फेटाळले गेले, उरलेले मागे घेतले गेले किंवा इतर मार्गाने निकाली निघाले.

श्रीमंतीचं म्हणाल, तर छावणीतल्या कैदेची भरपाई होती दिवसाला 5 मार्क, महिन्याचे 150, तेही पूर्ण भरलेल्या महिन्यांचेच. तब्येतीसाठी पेन्शन हवी तर कमावण्याची ताकद किमान 25 टक्के घटल्याचं डॉक्टरी तपासणीत सिद्ध करावं लागे. आईबाप, भावंडं गमावलेल्यांना रात्री झोप येत नाही, तर 'हा मूळचाच स्वभाव' असा शेरा मारून हात झटकणारे तज्ज्ञ डॉक्टर तेव्हा जर्मनीत होते.

कागद नाहीत? उलट, लुटणाऱ्यांनीच ते जपले. बर्लिनहून हद्दपार करण्यापूर्वी ज्यूंकडून 16 पानी मालमत्तापत्रक भरून घेत. खुर्च्या, कपडे, बँकेतली शिल्लक, सगळं त्यात. नोव्हेंबर 1941 च्या फर्मानाने देशाबाहेर नेलेल्या ज्यूंचं नागरिकत्व रद्द होई आणि मालमत्ता सरकारजमा. मग वित्त खात्याचे अधिकारी घरात येऊन मोजदाद करत आणि सामान विकलं जाई. या फायली आज पोट्सडाममध्ये ब्रांडेनबुर्ग राज्याच्या अभिलेखागारात आहेत. युद्धानंतर वारसांच्या दाव्यांना आधार मिळाला तो अशाच दप्तरांचा. जर्मनीतल्या बाड आरोल्सन गावी नाझी छळाच्या कागदपत्रांचा संग्रह आहे, त्यात तर 1 कोटी 75 लाख लोकांच्या नोंदी आहेत.

खोट्या दाव्यांची गोष्ट मान्य करावी लागते. न्यूयॉर्कमध्ये क्लेम्स कॉन्फरन्स या भरपाई वाटणाऱ्या संस्थेत काही कर्मचाऱ्यांनीच बनावट अर्ज मंजूर करून 5 कोटी 70 लाख डॉलर लाटले. 2009 मध्ये ते संस्थेच्याच लक्षात आलं, तिनेच एफबीआयला कळवलं आणि 31 जण दोषी ठरले. भामट्यांनी पैसे लाटले म्हणून छावण्या नव्हत्या असं होत नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट भाच्याला मुद्दाम कळवली. जिवंत राहूनही भरपाई न मिळालेले पुष्कळ होते. 1956 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की मार्च 1943 पूर्वी सिंती-रोमांचा, म्हणजे ज्यांना 'जिप्सी' म्हणत त्या समाजाचा, झालेला छळ वांशिक नव्हता, म्हणजे त्याची भरपाई नाही. 1963 मध्ये न्यायालयाने ती भूमिका काही अंशी सोडली. तोवर कितीतरी सिंती-रोमांचे अर्ज फेटाळून झाले होते.