पंखा बंद करा, बॅटरी काढतोय

मोबाईलची बॅटरी म्हातारी झाली की सरळ मरत नाही, आधी खोटं बोलायला लागते. माझी सकाळी शंभर टक्के म्हणायची, सात रस्त्याला पोचेपर्यंत साठ, आणि मग चौतीस टक्क्यांवर अशी ठाण मांडून बसायची की वाटावं सुधारली बिचारी, तेवढ्यात चहाच्या टपरीवर क्यूआर स्कॅन करायला कॅमेरा उघडला की फोन बंद. मागे लाईन, पुढे चहावाला, आणि मी काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड बघतोय. "चौतीस टक्के होती ओ आत्ता" हे तो रोज ऐकून घ्यायचा, विश्वास एकदाही ठेवला नाही.

खरं तर बॅटरी पूर्ण खोटं बोलत नव्हती. आपल्या जुन्या घरांतल्या नळाचं बघा, टाकीत पाणी असतं पण क्षार बसून बसून पाईप आतून करंगळीएवढा उरलेला असतो, धार बारीक ठेवली तर चालतंय, फुल्ल सोडला की प्रेशर गेलं. जुन्या लिथियम बॅटरीचा आतला रेझिस्टन्स असाच वाढत जातो, कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट ओढला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि चार्जिंग शिल्लक असूनही फोन झोपतो. त्यात ह्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि आम्ही राहतो सोलापुरात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर, त्यात गाडीच्या हँडलला मॅप लावून फोन फिरवलेला, तिने तरी किती सोसायचं?

मग मागचं झाकण एका बाजूने उचललं जायला लागलं, टेबलावर ठेवला की फोन गोल फिरायचा. आजीने हातात घेऊन, दाबून बघितलं (दाबू नये खरं तर) आणि निदान केलं, "ह्याला गॅस झालाय." घरात सगळे हसले. पण बाई शंभर टक्के बरोबर होती, आतलं इलेक्ट्रोलाइट बिघडून गॅस तयार होतो म्हणूनच ती बॅटरी फुगते. फक्त ह्याला ओवा चालत नाही.

नवी पेठेत चौकशी केली. एका दुकानात विचारलं, बॅटरी ओरिजिनल आहे का, तर म्हणाला "ओरिजिनलसारखी." डुप्लिकेट आहे का मग, तर "तसं नाही." आणि फोन ठेवून जा, पासवर्ड लिहून जा. बॅटरी बदलायला पासवर्ड कशाला लागतो हे त्याने सांगितलं नाही आणि मी पासवर्ड सांगितला नाही, तिथेच व्यवहार संपला. बॅटरी ऑनलाईन मागवली, सोबत बारके स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि एक रबरी वाटी.

एक काळ होता, नखाने झाकण काढायचं, बॅटरी काढून शर्टाला पुसायची, परत घालायची, आयुष्य सुरळीत. आता फोनमध्ये जी एकच गोष्ट नक्की खराब होणार हे कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तीच सगळ्यात जास्त गोंद लावून चिकटवतात. युरोपवाल्यांनी म्हणे कायदाच केलाय, फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी पाहिजे. तोपर्यंत आम्ही आहोत आणि ताईचा हेअर ड्रायर आहे.

चार्जिंग पंचवीसच्या खाली उतरवलं, फोन बंद केला, पांढरा कागद अंथरला आणि म्हणालो, पंखा बंद करा. घरात शांतता पसरली. सोलापुरात, मे महिन्यात, दुपारी, पंखा बंद करा. पण ते स्क्रू ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक, वाऱ्याने कागद उडाला तर शोधणार कुठे? बाबा म्हणाले, "किती वेळ?" म्हटलं दहा मिनिटं. आई काही न बोलता पदराने वारा घेत स्वयंपाकघरात गेली, ते जास्त लागलं.

झाकणाच्या कडा गरम करून गोंद सैल करायचा असतो. आजी म्हणाली, एवढं कशाला, गच्चीवर पत्र्यावर ठेव की, पापडासंगं, आपोआप निघंल. निघंल खरं, फुगलेली बॅटरी गच्चीसकट निघंल. ड्रायरने हळूहळू शेकलं, वाटीने ओढलं, फटीत पट्टी सरकवली, झाकण निघालं. ते पण एकदम उचलायचं नाही, फिंगरप्रिंटची बारकी केबल आतून जोडलेली असते.

बाबा शेजारी बसून स्क्रू मोजायला लागले. "सगळे सारखेच दिसतात की." नाही दिसत, एखादा केसभर लांब असतो आणि तो चुकीच्या भोकात पिळला की खालचा बोर्ड गेला. म्हणून कागदावर फोनचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच ठेवला. बॅटरीचा कनेक्टर पहिल्यांदा काढला. मग बॅटरीखालची चिकटपट्टी ओढली, ती अर्धी आली आणि तुटली.

बाबा लगेच भाकरीचं उलथनं घेऊन हजर. लोखंड नको म्हटलं, आतल्या थराला भोक पडलं की शॉर्ट होऊन पेट घेते. ते म्हणाले, एसटीत तीस वर्षं बॅटऱ्या बघितल्यात मी. एवढ्यात शेजारचे अण्णा आले, त्यांचे घरामागे टॉवेलचे माग आहेत. सगळं बघून घेतलं आणि म्हणाले, "थांब रे, दोरा आणतो." चांगला चिवट दोरा आणला, दुहेरी केला. कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडले आणि बॅटरीखालून दोरा एका बाजूने त्यांनी, दुसऱ्या बाजूने मी, सावकाश इकडून तिकडे. कपाळावरचा घाम फोनमध्ये पडू नये म्हणून ताई टॉवेल धरून उभी, टॉवेल पण अण्णांच्याच मागावरचा. दहा मिनिटं कधीच होऊन गेलेली. मग एकदम चर्रर्र करून बॅटरी सुटली आणि बाबांनी कुणाला न विचारता पंखा पाचवर केला. स्क्रू जागेवर राहिले, कारण आजीने कागदाच्या चारी कोपऱ्यांवर शेंगाचटणीच्या बरण्या कधी ठेवल्या ते कुणाला कळलंच नव्हतं.

नवी बॅटरी बसली, कनेक्टर टक् करून लागला, फोन चालू झाला. उरली जुनी. ती घंटागाडीत टाकायची नाही, कचरा दाबताना फुटली तर गाडी पेटेल. टोकांना टेप लावून कोरड्या वाळूच्या डब्यात गॅलरीत ठेवली, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची म्हणून. पण आईला तेवढा दम कुठला, तिने सकाळी खालून जाणाऱ्या भंगारवाल्याला थांबवलं. बॅटरी म्हटल्यावर तो खूश होऊन जिना चढला, डब्यात वाकून बघितलं आणि दोन पायऱ्या खाली उतरला.

"फुगलेली हाय का? मग नको मावशी. पेपर असतील तर द्या."