"ब्रेक चांगले असते तर": एका प्रतिक्रियेला उत्तर

ओझरकर साहेब, नमस्कार.

जुनी टेलव्हील (शेपटीखाली चाक असलेली) विमानं उतरताना आणि जमिनीवर हलवताना होणाऱ्या अपघातांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही "एक जुना ओझरकर" या सहीनं प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्राउंड लूपचं, म्हणजे जमिनीवर धावताना विमान गर्रकन फिरून जाण्याचं, खापर मी वैमानिकाच्या पायांवर फोडलं, असं तुमचं म्हणणं. "ब्रेक चांगले असते तर यातला एकही अपघात झाला नसता," हे तुमचं वाक्य. ओझरच्या कारखान्यात मिग लढाऊ विमानं बांधलेल्या माणसांना "नेटवर चार पानं वाचून लिहिणाऱ्यांनी" ब्रेक शिकवू नयेत, हेही तुमचंच. शिवाय लेख लांबलाय आणि हातानं प्रॉप (पुढचा पंखा) फिरवून इंजिन सुरू करण्याचा भाग उगाच घाबरवणारा आहे.

आधी सुराबद्दल बोलतो, कारण तो मला लागला. मतभेदाला माझी कधीच ना नसते. पण "चार पानं वाचून" हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? मी कोण, काय करत होतो, हे ब्लॉगवर माझ्या नावाखालीच दिलेलं आहे. उमेदीची वर्षं मी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये एएमई (विमान देखभाल अभियंता) म्हणून काढली. पुष्पक या छोट्या विमानाच्या शेपटीखाली आडवं पडून स्प्रिंगा बदलणं आणि लूप झालेल्या विमानाच्या पंखात बॅटरी मारून बघणं, हे माझं पोटापाण्याचं काम होतं. तुमच्या कामाचा मला आदर आहे. १९६४ पासून त्या कारखान्यानं नाशिकला काय दिलं, हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. तोच आदर समोरच्यालाही द्यायला काय हरकत होती?

एक मुद्दा मान्य. टेकऑफला नाक डावीकडे ओढलं जातं, असं मी सरसकट लिहिलं होतं. टायगर मॉथ या जुन्या विमानाच्या जिप्सी मेजर इंजिनाचा प्रॉप उलट्या दिशेनं फिरतो, त्यामुळे ते विमान उजवीकडे ओढतं. तुम्ही दाखवून दिलंत, वाक्य बदललं आहे.

आता ब्रेकचं वाक्य. ते मी तसंच सोडणार नाही, कारण ते वाचून एखादा शिकाऊ पोरगा शेपटीचाकाच्या विमानात ब्रेकवर भरवसा ठेवेल.

मिग-२१ ला पुढे नोजव्हील आहे आणि मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या (वजनाच्या तोलबिंदूच्या) मागे आहेत. विमान जरा तिरकं झालं तर चाकांचं घर्षण मागून ओढून त्याला सरळ करतं. ब्रेकचं पॅराशूट तर पार शेपटीकडून ओढतं, म्हणजे तेही सरळच करतं. पुष्पक, कब, टायगर मॉथ या शेपटीचाकाच्या विमानांचं सगळं उलट. मुख्य चाकं पुढे, वजन त्यांच्या मागे. बैलांनी ओढलेली गाडी सरळ जाते, तीच मागून रेटली तर पहिल्या खड्ड्याला तिरकी होते. इथे रेटणारं ओझं म्हणजे विमानाचं स्वतःचं वजन. नाक डावीकडे वळलं की चाकांवरचं आडवं घर्षण गुरुत्वमध्याच्या पुढे लागतं आणि नाक आणखी डावीकडे नेतं. वळण स्वतःला वाढवत जातं. बाहेरच्या चाकावर भार चढतो, बाहेरचा पंख खाली जातो, टोक जमिनीला लागतं आणि बाहेरच्या चाकाचा पाय आत दुमडतो. दोन्ही चाकांवर सारखा ब्रेक मारला तर हे थांबत नाही, उलट वाढतं, कारण तुम्ही वजनाच्या पुढे जोर लावताय आणि मागचं वजन पुढे यायला बघतंय.

बरं, ब्रेक खरोखर जोरदार असले तर? विमान नाकावर उभं राहतं. सेसना १२० आणि १४० मध्ये नेमकं हेच होत होतं. त्यावर उपाय म्हणून चाकं पुढे सरकवणारे एक्स्टेंडर बसवले गेले. नाकावर जाणं कमी झालं, पण गुरुत्वमध्य चाकांच्या आणखी मागे पडला, म्हणजे लूपची ओढ वाढली, आणि चाकाच्या पायाच्या पट्टीवर पिळाचा भार आला तो वेगळाच. तुमच्या "चांगल्या ब्रेक"ची किंमत ही अशी दुसरीकडून चुकवावी लागते. दुसऱ्या टोकाला टायगर मॉथ घ्या. मूळ विमानाला ब्रेकच नव्हते, मागे चाकाऐवजी स्किड (घासत जाणारी पट्टी) होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकाऊ त्याच्यावर शिकले. गवतावर ती स्किड माती धरते आणि शेपूट जागेवर ठेवते. डांबरावर तिला पकड नाही, आणि रबरी टायरला मात्र भरपूर आहे, म्हणून तेच विमान डांबरावर जास्त अंगावर येतं. गवतावर टायर थोडा घसरतो आणि चूक पोटात घालतो. डांबर घालत नाही.

वैमानिकाचे पाय का महत्त्वाचे, तेही याच ओघात येतं. तीन पॉइंटवर, म्हणजे तिन्ही चाकं एकदम, टेकल्यावर थ्रॉटल बंद असतो (इंजिनाचा जोर काढलेला), पायांनी हलवायच्या रडरवर (शेपटीच्या उभ्या फळीवर) प्रॉपचा झोत नसतो, नाक वर असल्यानं फ्युजलाजच (विमानाचं धडच) रडरला आडवं येतं. वेग उतरत जातो तसा रडर मरत जातो, आणि शेपटीचं चाक अजून पूर्ण पकड घेत नाही. या मधल्या पट्ट्यात लूप होतात, वैमानिकाला "उतरलो" असं वाटल्यानंतर. तिथे करायचं ते एवढंच: स्टिक (हातातला दांडा) पोटाशी पूर्ण मागे धरून शेपटीचाक जमिनीत दाबून ठेवायचं, वाऱ्याकडचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वर ठेवायचा, आणि पायांनी छोटे छोटे ठोके देत राहायचं, नाक हललेलं दिसायच्या आत ठोका द्यायचा आणि लगेच काढायचा. ठोका देऊन धरून ठेवला की दुसऱ्या बाजूला लूप. रडर पुरत नसेल तर पूर्ण रडरसोबत थ्रॉटलचा एक छोटा झटका द्यायचा, झोत रडरवर येतो. ब्रेकची पाळी त्यानंतर, आणि तीही वळणाच्या बाहेरच्या एकाच चाकावर, हलक्या टपलीसारखी. कबमध्ये तर ब्रेक टाचेनं दाबायचा. टाच तिकडे नेली की पंजाखालचा रडर सुटतो, हे एकदा त्या सीटवर बसलात तर आपोआप कळेल.

आडव्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून आलात आणि टेकण्याआधी सरळ केलं नाहीत, तर चाकं धावपट्टीला कोन करून टेकतात आणि पहिला धक्काच लूपची सुरुवात करतो. वारा शेपटीच्या उभ्या पंखावर ढकलून त्याच दिशेला मदत करतो. यात ब्रेकचा संबंध कुठे आला?

हां, यंत्राचा दोष असू शकतो, आणि तो मी लेखात लिहिलाही होता. तुम्ही तो भाग वाचलेला दिसत नाही. मुख्य चाकं आत तोंड करून बसली असतील, म्हणजे टो-इन असेल, तर वळणात भार घेणारं बाहेरचं चाक नेमकं वळणाच्या आत रोखलेलं असतं आणि वळण घट्ट करतं. चाकं सरळ हवीत, किंवा अगदी किंचित बाहेर तोंड. एक्सलमागच्या शिमनं (पातळ पत्र्यानं) ते जमवता येतं. शेपटीचाकाची स्प्रिंगपट्टी बसली, म्हणजे चपटी झाली, की चाकाच्या उभ्या पिनचं वरचं टोक पुढे झुकतं, चाकाचा मागे ओढत राहण्याचा गुण कमी होतो आणि शिमी, म्हणजे चाकाची थरथर, सुरू होते. पोरं मग पिन आवळतात, दोन दिवस बरं वाटतं. खरा उपाय पट्टी बदलणं किंवा तिला पुन्हा बाक देणं. विमान पूर्ण वजनावर उभं असताना पिन उभी किंवा वरचं टोक जरा मागे हवं. मोकळ्या शेपटीवर तपासून काही कळत नाही. स्टिअरिंगच्या साखळ्या आणि स्प्रिंगा एका बाजूला ढिल्या, दोन टायरांत हवा कमीजास्त, एक ब्रेक चिकटलेला: हे सगळं लूपला आमंत्रण देतं. बघा, या यादीत ब्रेक आहे, पण तो चिकटणारा ब्रेक आहे, कमजोर नव्हे.

तुमच्या बाजूनं म्हणता येईल अशी एक गोष्ट आहे. वळणाचा घेर तोच असेल तर वेग निम्मा झाला की आडवा जोर चौथाई होतो. त्यामुळे वेग लवकर उतरवलेला चांगला, हे खरं. पण तो तीन पॉइंटवर, योग्य वेगात टेकून आणि स्टिक मागे ठेवून उतरवायचा. जादा वेगानं आणून नंतर ब्रेकनं गिळायचा नाही.

अमेरिकेत टेलव्हीलसाठी प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. १५ एप्रिल १९९१ च्या आधी ज्यांनी अशा विमानात पायलट-इन-कमांड म्हणून तास भरले त्यांना ती माफ आहे. त्या सहीसाठी साधं आणि आडव्या वाऱ्यातलं टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (आधी फक्त पुढची दोन चाकं टेकवणं), गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) दाखवावं लागतं. ब्रेकचं कौशल्य त्यात वेगळं मागितलेलं नाही.

हातानं प्रॉप फिरवण्याच्या भागावर मी शब्द मागे घेत नाही. मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या यंत्राची) पी-लीड, म्हणजे ते बंद करणारी तार, तुटली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन पेटतं, हे वाचून कोणी घाबरला तर चांगलंच झालं. शेपूट बांधा, चाकांना ठोकळे लावा, आत माहीतगार माणूस बसवा. लेखाच्या लांबीबद्दल काही बोलायचं नाही.

शेवटी एक, कारण तुम्ही लिहिलंत की "पंखाचं टोक लागलं, रंग मारला, काम झालं." असं लिहू नका हो. लाकडी स्पारच्या (आतल्या मुख्य तुळईच्या) पंखाचं टोक लागलं की तपासणीच्या झाकणातून बॅटरी आणि आरसा आत घाला. रिबचे (पंखाच्या फासळ्यांचे) बारीक खिळे स्पारमधून बाहेर डोकावत असतील तर स्पार हललेला आहे. स्ट्रटच्या (पंखाला टेकू देणाऱ्या दांड्याच्या) जोडाजवळ, जोडाची पट्टी संपते तिथे, आडवी बारीक चुणी दिसली तर ती दाबाची चीर आहे आणि तो पंख उडवायचा नाही. चाकाच्या पायाच्या जोडाशी पोलादी नळ्यांचे वेल्ड रंग खरवडून बघा. प्रॉप जमिनीला लागला असेल तर तो बसतो त्या फ्लँजवर डायल इंडिकेटर (वाकडेपणा मोजणारं घड्याळ) लावून काटा स्थिर राहिला एवढ्यावर विमान सोडू नका. लायकमिंग इंजिन असेल तर २००४-१०-१४ हा अमेरिकेचा एअरवर्दीनेस (उड्डाणयोग्यतेचा) आदेश वाचा: क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरचा बोल्ट आणि लॉकप्लेट बदलायलाच लागते. कॉन्टिनेन्टल इंजिनासाठी एसबी ९६-११ हे कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन आहे. आणि पुढची प्रतिक्रिया द्याल तेव्हा मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या कुठल्या बाजूला धरून तुम्ही ब्रेकचा हिशेब मांडलात, तेवढं लिहा.