चौकशी नेमकी कशासाठी?
‘प्राण्यांचे निवारे दत्तक देताना नको इतक्या चौकशा करतात’ हा लेखातील आक्षेप आम्हाला नवा नाही. आम्ही सात-आठ जण नोकऱ्या सांभाळून पुण्याच्या वेशीवर असा निवारा चालवतो. घरमालकाचे लेखी संमतिपत्र आम्ही मागू लागलो, ते दत्तक दिलेले एक पिल्लू चौथ्याच दिवशी, गळ्यात नवाकोरा पट्टा असलेले, पहाटे आमच्या फाटकाला बांधलेले सापडले तेव्हापासून. नवे पिल्लू आम्ही १४ दिवस वेगळे ठेवतो, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची लक्षणे दिसायला बहुधा ३ ते ७ दिवस, क्वचित दोन आठवडेही लागतात, आणि त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकत असल्याने एका पिल्लाच्या बाबतीत केलेली घाई साऱ्या खोलीला भोवते. लोकांना हा विलंब अडवणूक वाटतो, याचे वाईट वाटते. फोन मात्र बहुतेक ‘लॅब्रेडॉर आहे का?’ असेच येतात. गावठी पिल्लू म्हटले की पलीकडून ‘घरी विचारून सांगतो’ असे उत्तर मिळते. तीन पायांची आमची काळी कुत्री अशा उत्तरांवर दोन वर्षे काढून अखेर गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेकडे गेली. त्या बाईंनी आमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आधीच वहीत लिहून आणली होती.