‘एक चर्च पाहिलं की सगळी पाहिली’? मुळीच नाही

सध्या एक दावा भरपूर फॉरवर्ड होतोय: वारसा म्हणावा तो मोठ्या कॅथेड्रलना, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चना; गावोगावची कॅथलिक पॅरिश चर्चेस, म्हणजे त्या-त्या वस्तीची रोजची चर्चेस, ही त्यांचीच छोटी नक्कल. पाद्री लोकांकडे तोंड करून चालवतात त्या नव्या पद्धतीच्या उपासनेला ती सोयीची नाहीत, तेव्हा पाडून नवी बांधली तरी काही बिघडत नाही. मला यातला एकही मुद्दा पटत नाही.

आधी नकलेचं बघू. फिलिपाइन्समधलं मियागाओचं चर्च १७९७ मध्ये पूर्ण झालं. दर्शनी भिंतीवर संत क्रिस्तोफर बाळ येशूला घेऊन निघालेला कोरलाय. अंगावर स्थानिक कपडे, आधाराला चक्क नारळाचं झाड, आणि आजूबाजूला पपई नि पेरू! हे कुठल्या युरोपीय कॅथेड्रलवरून उचललं? त्याच देशात पाओयेला भूकंपाच्या भीतीने भिंतींना अवाढव्य धिरे दिलेत आणि घंटाघर चर्चपासून लांब, सुटं उभारलंय. चिलीतल्या चिलोए बेटांवरची चर्चेस तर होड्या बांधणाऱ्या हातांनी घडवलेली. लाकडात लाकूड अडकवून सांधे केलेले, वर लाकडी खुंट्या ठोकलेल्या. आत उभं राहून मान वर केली की छत उलट्या होडीसारखं दिसतं. यातली १६ चर्चेस आज जागतिक वारसा यादीत आहेत.

‘मोठं तेवढंच मोलाचं’ हेही खरं नाही. स्पेनच्या पिरेनीज डोंगरांतल्या टाउल या चिमुकल्या गावातल्या दोन चर्चेसचा अभिषेक, म्हणजे उपासनेसाठी अर्पण करण्याचा विधी, ११२३ च्या डिसेंबरात लागोपाठच्या दोन दिवशी झाला. तिथली भित्तिचित्रं आज बार्सिलोनाच्या संग्रहालयाचं भूषण आहेत. आणि जुनं तेच मोलाचं असंही नाही. पॅरिसजवळ ल राँसीला वास्तुविशारद ऑग्युस्त पेरे यांनी १९२३ मध्ये, तुटपुंज्या पैशांत, उघड्या काँक्रीटचं पॅरिश चर्च उभं केलं. खांब सडपातळ, भिंती जवळजवळ सगळ्या रंगीत काचांच्या.

आता उपासनेचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त तोडफोड याच नावाखाली झाली. ‘व्हॅटिकन परिषदेनेच सांगितलंय’ म्हणत कित्येक ठिकाणी वेदीपुढचे (ज्या टेबलावर मुख्य उपासना होते त्यापुढचे) कठडे उखडले, कोरीव वेद्या हलवल्या. ही परिषद म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची १९६२ ते १९६५ मधली सभा. तिचं १९६३ चं उपासनाविषयक संविधान वाचून पाहा. कठडे काढा असं त्यात कुठेच नाही. उलट १२६ व्या कलमात, पवित्र आणि मौल्यवान वस्तू विकल्या जाऊ नयेत, विखुरल्या जाऊ नयेत याची काळजी घ्या, असं बिशपांना बजावलंय. वेदी लोकांच्या जवळ, पुढे आणायची तर जुन्याला हात न लावताही आणता येते.

राहिलं ‘पाडून नवं’. बहुतेक वेळा इमारत म्हातारी झालेली नसते, तिला चुकीचं औषध दिलेलं असतं. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार साचतात, दगडाचे पापुद्रे सुटतात. मग कोणीतरी म्हणतं, भिंत धोकादायक झालीय. पाडायचा ठराव करण्याआधी तो गिलावा काढा, भिंत सुकू द्या आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याला एकदा दाखवा.